आलीस का आई, ये बस

१

आईला घराबाहेर नेऊन परत घरात आणायची युक्ती मंदारची. तिचा त्याला अभिमानही होता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढं तुम्हाला त्याची उगाच दया यायची.

गारखेड्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉल, स्वयंपाकघर, एक बेडरूम आणि पॅसेजच्या टोकाला आईची खोली. राहणारी माणसं तीन: मंदार, त्याची बायको चारुता आणि आई, म्हणजे कालिंदीबाई. चारुता शहागंजातल्या बँकेत जायची, मंदार घरूनच काम करायचा. आईला विसर पडायला लागला होता. जेवल्याचं विसरायची, सुनेचं नाव विसरायची, नवरा वारल्याचं विसरून त्याच्यासाठी पोळ्या झाकून ठेवायची. एकच गोष्ट मात्र तिच्या डोक्यातून कधी जायची नाही. थोडे तास बरे गेले की ती उठायची, कापडी पिशवी पोटाशी धरायची आणि दाराशी जाऊन उभी राहायची.

"चला, लई वेळ झाला. मला घरी जायचंय."

"आई, हेच घर आहे तुझं," मंदार समजुतीच्या सुरात म्हणायचा.

"हे कुठलं रे? माझ्या घरी जायचंय मला."

मग कडी वाजवणं, रडणं, शेजारच्यांनी दारं किलकिली करून बघणं. एकदा भर उन्हात ती निसटली आणि गजानन महाराज मंदिराच्या चौकात सिग्नलपाशी सापडली. पायात चप्पल नव्हती, तळवे भाजले होते. त्या दिवशी चारुतानं आवाज न चढवता सांगितलं, "मंदार, पुन्हा असं झालं तर त्यांना संस्थेत ठेवायचं. पडेगावच्या पुढं आहे एक. मी बघून आलेय."

चारुता वाईट नव्हती, दमली होती. मंदारला ते कळत होतं. पण वडील जाताना त्यानं त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं होतं की आईला मी कुठं पाठवणार नाही, आणि तो शब्द त्याला मोडायचा नव्हता. म्हणजे आईला घरात ठेवायचं, तर तिचं ते 'घरी जायचंय' थांबवायला हवं होतं. मंदारनं तेवढंच डोक्यात घेतलं. तिला कुठं जायचंय हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

२

सुचलं नाही, कारण त्याचा धंदाच तसा होता. तो एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायचा. तिथं बिलं काढणारा एक प्रोग्राम होता. सुरू केला की गुणी बाळासारखा चालायचा; जसजसा वेळ जाईल तसतशी मेमरी खात सुटायचा आणि शेवटी जागच्या जागी अडकून बसायचा. का अडकतो ते शोधायचं म्हणजे डोकेफोड. मंदारनं ती केली नाही. सर्व्हरवर एक सर्व्हिस मॅनेजर असतो. कुणाला उठवायचं, कुणाला थांबवायचं ते बघणारा मुकादमच म्हणा. त्याला मंदारनं सांगून ठेवलं: इतके तास झाले की हा प्रोग्राम थांबव, चांगला चालत असला तरी थांबव, आणि थांबला की लगेच परत उठव. उठतो तो कोरा, मागचं काही न आठवणारा. एकाच प्रोग्रामला फार वेळा उठवावं लागलं तर हा मुकादम एरवी हात टेकतो, 'आता तुमचं तुम्ही बघा' म्हणतो. मंदारनं त्याला तीही मुभा ठेवली नाही.

"आजार हल्याला आणि इंजेक्शन पखालीला," त्याचे वरिष्ठ सदाशिवराव फोनवर हसले होते. पण बिलं वेळेवर निघत होती, मग कोण कशाला खोलात जातंय?

आईचंही तसंच झालं. एका दुपारी मंदारची मीटिंग चालू, आणि आई पिशवी घेऊन दाराशी. चारदा समजावलं, ऐकेना. शेवटी वैतागून तो म्हणाला, "बरं, चल तुझ्या घरी." तिला लिफ्टनं खाली नेलं, बिल्डिंगला एक फेरी मारली, परत वर आणलं. तिला दाराबाहेरच उभं करून तो आधी आत शिरला आणि वळून, पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाला,

"अरे, आलीस का आई? ये, ये, बस. उन्हातून आलीस. पाणी देऊ?"

आई उंबऱ्याबाहेर थांबली. क्षणभर त्याच्याकडं नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "आले बाबा. दमले."

आत आली, खुर्चीत टेकली, पेलाभर पाणी प्यायली आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "छान आहे हो घर तुमचं." संध्याकाळपर्यंत घरी जायचं नाव काढलं नाही.

मंदारला इतका आनंद झाला की त्यानं चारुताला बँकेत फोन केला. त्यानंतर त्यानं मोबाइलवर गजर लावला. आई बिथरायची वाट बघायचीच नाही. ती बिथरायच्या आधीच, चांगली शांत बसलेली असतानाच, तिला उठवायचं, खाली न्यायचं, फेरी, परत वर. 'आलीस का आई? ये, बस.' रोज. गजर वाजेल तितक्यांदा.

त्यातली एकच गोष्ट त्याला खटकायची. उंबऱ्यापाशी आई दर वेळी तशी बघायची. पाटी पुसून कोरी व्हायला वेळ लागत असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

३

त्या वर्षी पाण्याचे हाल काही विचारू नका. पावसानं सलग दुसऱ्यांदा तोंडाला पानं पुसलेली. जायकवाडीनं तळ गाठला होता. शहर मात्र चहूकडं पसरत चाललेलं, रोज नवी बिल्डिंग, रोज नवे नळ आणि नळांना पाणी आठवड्यातून एकदा. मंदारच्या घरात बाल्कनीत निळे ड्रम होते. चारुता सकाळी निघताना ड्रमवर खडूनं रेघ मारून जायची आणि संध्याकाळी चप्पल काढायच्या आधी ती रेघ बघायची.

ड्रम उतरायला लागले. आधी थोडे, मग धाडधाड. पुढच्या पाण्याला अवकाश असताना ड्रम तळाला. टँकर मागवला, तोही सोसायटीत वाटून पुरला नाही.

आईकडं दुपारपर्यंत बघायला आवडाबाई यायची, पडेगावहून, दोन रिक्षा बदलून. चारुतानं एका रविवारी तिला बाल्कनीत बोलावलं.

"आवडाबाई, पाणी कुठं जातंय?"

"मला काय ठावं, ताई?"

"घरात माणसं तीन. त्यात दोघं दिवसभर बसून. मग जातं कुठं?"

आवडाबाईच्या कपाळावर आठी पडली. "म्या काय तुमच्या हितं येऊन दुपारच्या आंघुळी करते व्हय? आमच्या पडेगावात हंड्यापायी डोस्की फुटायलीत. मला पाण्याची किंमत शिकवू नगा."

"मी असं म्हटलं का?"

"म्हनायचं ऱ्हायलंय काय मग? पानी आजी पित्यात. लई पित्यात. आतल्या खोलीत पेला भरून ठिवला की रिकामा. पुन्हा भरला की पुन्हा रिकामा. माझा हात दुखून आला भरून भरून."

"काहीतरीच काय! आई दिवसभर हॉलमध्ये असतात."

आवडाबाईनं हॉलकडं बघितलं. कालिंदीबाई खुर्चीत मान टाकून झोपल्या होत्या. मग तिनं पॅसेजच्या टोकाकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"व्हय," ती म्हणाली. "हितं बी असत्यात."

चारुताला तो उद्धटपणा वाटला. दुसऱ्या दिवसापासून आवडाबाईला येऊ नको म्हणून सांगितलं. मंदार तिथंच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. आवडाबाईनं थेंबभर पाणी चोरलं नव्हतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो बोलला नाही. बोलला असता तर पाण्याचा विषय पुन्हा आईवर आला असता आणि आईवरून पडेगावच्या त्या संस्थेवर. बाई जाताना दाराशी थांबून म्हणाली, "दादा, तुमी तरी जरा आत जाऊन बघत चला," तेव्हा त्यानं लॅपटॉपमधून मान वर काढली नाही.

४

आता दुपारी घरात मंदार आणि आई, दोघंच. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही. पडदे ओढलेले, कूलरला पाणी नाही म्हणून पंखाच नुसता गरगरतोय. आई त्याच्या डोळ्यांसमोर खुर्चीत डुलक्या घेतेय.

आणि आतल्या खोलीत आई खोकली.

खोकला आईचाच होता. आधी दोन कोरडे ठसके, मग घसा खाकरणं, मग 'राम राम'. लहानपणापासून ऐकलेला. मंदारनं समोर बघितलं. खुर्चीतल्या आईचं तोंड मिटलेलं होतं, श्वास संथ चाललेला.

शेजारचे काका असतील. या बिल्डरनं भिंती काय, पापडाच्या बांधल्यात. पलीकडं कुणी शिंकलं तर अलीकडं 'सत्य' म्हणावं. किंवा नळात हवा भरली असेल. पाणी नसलं की पाइप खोकतातच. त्यानं स्वतःला हे सगळं नीट सांगितलं आणि उठून खोलीत गेला.

खोलीत कुणी नव्हतं. खिडकीच्या फटीतून उन्हाची पट्टी फरशीवर पडली होती. आईच्या केसांच्या तेलाचा वास येत होता, नेहमीचाच, पण दाट. लग्नघरात बायका एका खोलीत दाटीवाटीनं बसून गेल्यावर येतो तसा. पलंगावरची गादी बघून तो थबकला. आई भिंतीकडच्या कडेला झोपते, तिथं गादी दबलेली होती. तिच्या शेजारीही दबलेली होती. तिच्याही शेजारी. पायथ्याशीसुद्धा. अंग आखडून, जागा करून कुणी कुणी बसावं तशी.

'जुनी गादी आहे,' मंदार मोठ्यानं म्हणाला. पलंगाखाली स्टीलचे पेले होते, घरातले बहुतेक सगळेच. त्यानं ते गोळा केले आणि सगळे कोरडे ठणठणीत आहेत हे बघून सिंकमध्ये ठेवले. येताना दार ओढून घेतलं. एवढ्यात गजर वाजला. त्यानं आईला उठवलं, खाली नेलं, फेरी मारली, वर आणलं.

"आलीस का आई? ये, बस."

आई बघत राहिली. मग आत आली. तिच्या चपलांचा आवाज थांबल्यावरही पॅसेजमध्ये एक पाऊल वाजलं.

५

सदाशिवरावांचा फोन आला तेव्हा मंदार भात लावत होता.

"अरे मंदार, सर्व्हर गच्च भरलाय. नवीन काही उठायलाच तयार नाही. तुझा तो बिलांचा प्रोग्राम, एकच चालतोय ना?"

"एकच, सर. वेळ भरली की जुना थांबतो, नवा उठतो."

"थांबतो कुठं, राजा? तू मॅनेजरला सांगून ठेवलंयस की वरचा प्रोग्राम तेवढा थांबव, त्यानं कामाला लावलेल्या छोट्या प्रोग्रामांना हात लावू नको."

"चालू कामं मध्येच तुटू नयेत म्हणून, सर."

"हो, पण मग ते गेलेच नाहीत ना! दर वेळी तू नवीन उठवतोस आणि जुन्यातलं कुणीतरी मागं राहतं. बाहेरून बघणाऱ्याला एकच दिसतो, आणि आत ही गर्दी. नुसते बसून आहेत."

मंदारनं कुकरखालचा गॅस बारीक केला. "करतायत काय ते?"

"करतायत काय? वाट बघतायत. बंद करायच्या वेळेला जे मागत होते त्याचं उत्तर यायची वाट." मग सदाशिवरावांनी विचारलं, "मला एक सांग, तो मुळात अडकतो कशानं, हे तू एकदा तरी बघितलंस का रे? काहीतरी मागत असेल बिचारा. मिळत नसेल."

"बघतो सर," मंदार म्हणाला. तसं म्हणताना त्याचं लक्ष पॅसेजकडं होतं. आईच्या खोलीचं दार त्यानं ओढून घेतलं होतं, आणि दाराखालच्या फटीतल्या उजेडात सावल्या हलत होत्या. पायांच्या सावल्या. पुष्कळ पायांच्या.

पंखा. पंख्याची सावली असणार. आतला पंखा बंद होता, हे त्याला बटणाशी गेल्यावर दिसलं.

६

इकडं आई मात्र सुधारली होती. असं चारुता म्हणायची. कडी वाजवणं नाही, रडणं नाही. पिशवीसुद्धा मागत नव्हती. बसवलं की बसायची, भरवलं की खायची. "किती शांत झाल्यात बघ," चारुता म्हणाली आणि बऱ्याच महिन्यांनी तिनं सासूच्या केसांना तेल लावून दिलं. मंदारला बरं वाटायला हवं होतं. पण आता आई उंबऱ्यापाशी त्याच्याकडं बघतही नव्हती. सरळ आत यायची. डोळ्यांत काही म्हणता काही नव्हतं.

अशातच त्याच्या मामेभावानं मोबाइलवर फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'आत्याला दाखव. धारगव्हाण उघडं पडलंय.'

धारगव्हाण म्हणजे कालिंदीबाईंचं माहेर. त्यांचं लग्न झालं आणि त्याच वर्षी नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं, पाणी गावावर आलं. माहेरची माणसं गाडीबैलात भांडीकुंडी घालून निघाली तेव्हा या सासरी होत्या. शेवटचं म्हणून घर बघायलाही कुणी नेलं नाही. हे मंदारनं लहानपणी शंभरदा ऐकलं होतं आणि मोठेपणी विसरून गेला होता. आता धरण आटलं आणि गाव वर आलं. फोटोत तडकलेला गाळ, भिंतींची जोती, एका घरापुढचा दगडी ओटा. भावानं आणखी लिहिलं होतं की नाशिककडच्या धरणांतून पाणी सोडतायत, परवापर्यंत इथं पोचेल, मग पुन्हा सगळं पाण्याखाली.

मंदारनं फोटो मोठा करून बघितला. 'घरी जायचंय.' वेडी नव्हती ती. तिला कसं कळलं होतं कुणास ठाऊक, पण घर खरंच होतं, गाडीनं दीड-दोन तासांवर, आणि उन्हाळाभर उघडं पडलेलं होतं.

तो खुर्चीपाशी गुडघे टेकून बसला. "आई, हे बघ. धारगव्हाण. तुमचा ओटा."

आईनं फोटोकडं बघितलं. "छान आहे," ती म्हणाली.

"तुझं माहेर आहे, आई!"

"छान आहे हो."

आणि आतल्या खोलीतून, बंद दारामागून, आईचा आवाज आला. स्वच्छ, ठसक्यात, तिच्या चांगल्या दिवसांतला.

"त्या ओट्यावरचा गाळ पुसून बघा म्हणावं. खाली सारीपाट कोरलाय. मी अन् शेजारची माली खेळायचो."

मंदार उठला कधी, पॅसेज ओलांडला कधी, त्याला कळलं नाही. त्यानं दार ढकललं. ते अर्धंच उघडलं, कारण मागं काहीतरी मऊ लागत होतं.

उन्हाची पट्टी फरशीवर होती तशीच होती. तिच्या उजेडात आधी पावलं दिसली. म्हाताऱ्या, भेगाळलेल्या टाचा, ओळीनं. मग पातळांचे काठ: परवाचं जांभळं, मागच्या आठवड्यातलं चिंचपाणी रंगाचं, आणि ते हिरवं, जे फाटलं म्हणून चारुतानं उन्हाळा लागायच्या आधीच टाकून दिलं होतं. मांड्यांवर पिशव्या. पिशव्यांवर हात. पलंगावर, पलंगाखाली, कपाटाला टेकून, भिंतीच्या कडेकडेनं, जागा करून करून. चेहरे अंधारात होते. अगदी आत, खिडकीच्या कोपऱ्यात एक उठून उभी राहत होती. तिचे तळवे भाजलेले होते, म्हणून भिंतीला धरून उठत होती.

"आलास?" ती म्हणाली. "चल."

त्या शब्दासरशी सगळ्या खोलीभर पातळं सळसळली.

मंदारनं दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. होय, कडी घातली. जन्मदात्या आईवर. पाय मोकळे करून उठलेल्या बाईच्या तोंडावर.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आईला गाडीत घातलं. कुठली आई ते तुम्हाला कळलंच. जी हाताशी होती, जी काही मागत नव्हती, ती. कडीला हात लावायची छाती त्याला झाली नाही. तीही आईच आहे, तो स्वतःला सांगत होता. हिला घर दाखवलं की सगळ्यांना पोचेल.

पैठण रोडला लागले. रस्त्याकडेला नव्या पाणीयोजनेचे पाइप पडले होते, आत माणूस उभा मावेल एवढे, कोरडे. बिडकीन मागं पडलं. मग डांबर संपलं आणि गाडी जायकवाडीच्या तळात उतरली. जिथं पाण्याच्या लाटा असायच्या तिथं गाळाच्या खपल्या आणि दूरवर कुणी लावलेले टरबुजाचे वेल. ओटा सापडायला वेळ लागला नाही. मंदारनं गुडघ्यावर बसून बाटलीतलं पाणी ओतलं, रुमालानं गाळ पुसला. दगडात कोरलेली घरं हळूहळू वर आली. चारी पट्ट्या आणि मधला चौक. सारीपाट.

त्याला हुंदका आवरेना. "आई, बघ गं. आलो आपण. तुझ्या घरी आलो."

कालिंदीबाई काठीवर भार देऊन उभ्या होत्या. वारा त्यांचा पदर ओढत होता. त्यांनी ओट्याकडं बघितलं, जोत्यांकडं बघितलं, आणि मुलाकडं बघितलं, अनोळखी माणसाकडं बघावं तसं, पण मायेनं.

"कुणाचं हो हे?"

"तुझं, आई. तुझं माहेर."

"माझं नाही," त्या म्हणाल्या. "ती आत बसलीय ना, तिचं. तिला आणायचं होतंत. मला कशाला आणलंत एवढ्या उन्हात?"

मंदार तिथंच ओट्यावर बसला. टरबुजवाला लांबून ओरडत होता, "ओ साहेब, वर सरका आता! पानी सुटलंय, येतंय!" त्यानं आईला उचलल्यासारखं करून गाडीत घातलं. अजून दिवस होता. घाई केली तर तिला आणता आलं असतं. त्या पहिलीला, भाजल्या तळव्यांच्या. सगळ्यांना आणलं असतं, ट्रक करून आणलं असतं.

८

घरी पोचला तेव्हा उन्हं कललेली, पण उजेड होता. चारुता यायची होती. आईला खुर्चीत बसवून तो पॅसेजच्या टोकाला गेला आणि कडी काढली.

"आई," तो म्हणाला. "चुकलं माझं. चल, गाडी खाली उभी आहे. घरी जाऊ."

त्यानं दार ढकललं. ते बोटभर उघडलं आणि अडलं. आतून कुणी धरलं होतं. त्या बोटभर फटीत अंधार होता आणि तेलाचा वास.

"अगंबाई, आलात का?" आतून आईचा आवाज आला. त्यामागोमाग दुसऱ्या कोपऱ्यातून तोच आवाज, मग तिसरा, हळू, एकमेकींना सांभाळून घेत. "या, या. बसा. उन्हातून आलात."

"आई, मी मंदार! धारगव्हाणला जायचंय, पाणी यायच्या आत. सारीपाट आहे गं तिथं, मी बघितला. चल ना घरी."

मग त्या पहिलीचा आवाज आला, अगदी समजुतीच्या सुरात, ज्या सुरात तो वर्षभर बोलत आला होता.

"हेच घर आहे तुमचं."

"नाही गं, आई..."

"पाणी देऊ?"

फटीतून एक हात बाहेर आला. सुरकुतलेला, मनगटावर हिरव्या पातळाचा काठ आलेला. हातात स्टीलचा पेला होता. मंदारनं तो घेतला आणि आत बघितलं. पेला कोरडा होता. तळाला पाण्याचा जुना डाग तेवढा पांढरा उमटला होता.

उंबऱ्याबाहेर उभं राहून तो त्या हाताकडं नुसता बघत राहिला. आणि तेव्हा त्याला कळलं, त्याची आई दर वेळी दारात थांबून त्याच्याकडं तसं का बघायची. तिची पाटी कधी कोरी झालीच नव्हती. फेरी मारून त्याच घरात आणलंय, हे तिला कळत होतं. लेकाचा चेहरा बघून, त्याची मीटिंग, त्याचं वैतागणं, त्याची ती केविलवाणी पाहुणचाराची सोंगं बघून, ती दर वेळी 'राहू दे' असं मनाशी ठरवत होती आणि आत येत होती. आणि दर वेळी ज्या कालिंदीला घरी जायचं होतं, तिला ती त्या खोलीत बसवून ठेवत होती.

हात तसाच पुढं होता. वाट बघत.

"आलो," मंदार म्हणाला. "दमलो."

आणि त्यानं तो कोरडा पेला ओठांना लावला, मान मागं केली, आणि प्यायल्यासारखं केलं.